खेड्याला क्रॅकच परवडतो, हे खोटं आहे

“ओरिजिनल विंडोज शहरातल्या कंपन्यांनी घ्यावी. केमसारख्या गावात पेनड्राइव्ह लावायचा, क्रॅक मारायचा, तीन-चारशे रुपये द्यायचे आणि कामाला लागायचं.” थोड्याफार फरकानं हे बोलणं मी करमाळ्यात ऐकलंय, कुर्डुवाडीत ऐकलंय, जेऊर स्टेशनवर गाडीची वाट बघताना ऐकलंय. बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत संगणक दुरुस्त करणारी पोरं आहेत, शिक्षक आहेत, व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणारे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की नवी विंडोज सुटी विकत घ्यायची तर दहा हजारांच्या आसपास जातात, आणि ज्या जुन्या संगणकावर ती टाकायची तो विकायला काढला तर तेवढेही येणार नाहीत. मग गरिबानं करायचं काय?

प्रश्न रास्त आहे. पण तो विचारून ते स्वतःच घाईनं उत्तर देतात, “क्रॅक”, आणि तिथं माझा आक्षेप आहे. दहा हजारांची विंडोज किंवा फुकटचा क्रॅक, याशिवाय तिसरी वाटच नाही असं धरून हा सगळा हिशेब मांडलेला असतो. वाटा आहेत. कायद्यात बसणाऱ्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक वाटांना एक रुपया लागत नाही. त्या गावापर्यंत पोचल्या नाहीत, कारण त्यांत विकण्यासारखं काही नाही. ज्यात विकायला काही नाही ते सांगायला कोणी येत नाही.

मी हे केमच्या संदर्भात का मांडतोय तेही सांगतो. केम हे सोलापूर-पुणे लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं कुंकवाचं गाव. इथलं कुंकू देवस्थानांच्या बाजारपेठांत जातं, राज्याबाहेरही जातं. कुंकवाचा कारखाना म्हटलं की पुष्कळदा एक शेड असते, दळायची यंत्रं असतात, पाकिटं भरणाऱ्या बाया असतात आणि कोपऱ्यात लाल भुकटी बसू नये म्हणून फडकं टाकून ठेवलेला एक संगणक असतो. त्याच एका संगणकावर बिलं निघतात, पाकिटांची लेबलं निघतात, ट्रान्सपोर्टच्या पावत्या निघतात, बँकेचं खातं उघडलं जातं, आणि रात्री घरातलं पोर त्याच्यावरच अभ्यास करतं. मोठ्या कंपनीत एक मशीन बिघडलं तर दुसरं असतं. इथं सगळा धंदा एका खोक्यात आहे. म्हणून “खेड्यात काय, क्रॅक चालतो” हे म्हणणं मला उलटं वाटतं. क्रॅकचा धोका ज्याला सगळ्यात कमी परवडतो तो माणूस केममध्येच आहे.

आता पैशाचं बोलू. सगळ्यात जास्त पैसा, किंवा म्हणा हक्क, वाया जातो तो एका ठिकाणी. दुकानातून नवा लॅपटॉप घेतला आणि त्यात विंडोज आधीच होती, तर तिचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत तुम्ही दिलेले असतात. विंडोज 8 पासून हा परवाना मशीनच्या मदरबोर्डवरच नोंदवलेला असतो. हार्ड डिस्क पुसली, बदलली, तरी तो जात नाही. दोन-तीन वर्षांनी लॅपटॉप रखडायला लागतो. मालक तो दुकानात नेतो. दुकानातल्या पोराच्या खिशात एकच पेनड्राइव्ह असतो, त्यात विंडोज प्रो असते. तो फॉरमॅट मारतो, प्रो टाकतो. मशीनमधला परवाना असतो ‘होम सिंगल लँग्वेज’चा, कारण आपल्याकडचे पुष्कळ लॅपटॉप त्याच आवृत्तीचे येतात. आवृत्ती जुळत नाही म्हणून विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होत नाही. पोरगं म्हणतं, “लायसन्स उडालं काका,” आणि क्रॅक मारून देतं.

लायसन्स उडालेलं नसतं. ते तिथंच असतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची मूळ फाइल फुकट उतरवता येते, तिच्यात होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो अशा आवृत्त्या एकत्र असतात. त्या फाइलीनं पेनड्राइव्ह तयार केला आणि मशीनची मूळ आवृत्ती टाकली, तर इंटरनेटला जोडल्याबरोबर विंडोज स्वतःहून ॲक्टिव्हेट होते. ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, टाकावी लागत नाही, पैसे लागत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे रीतसर विकत घेतलेली विंडोज होती त्याला आपण पैसे घेऊन बेकायदा वापरकर्ता करून सोडलं. क्रॅकनं पैसे वाचतात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

तुमच्या मशीनचं असं झालंय का, हे बघायला जाणकार लागत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत चालू आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिथं दिसलं तर थांबा. कुठली संस्था? ही सोय मोठ्या कचेऱ्यांसाठी असते. तिथं शेकडो मशीन असतात, कचेरीचा स्वतःचा सर्व्हर असतो, आणि प्रत्येक मशीनला 180 दिवसांच्या आत त्या सर्व्हरकडून परवाना ताजा करून घ्यावा लागतो. कुंकवाच्या शेडमध्ये असा सर्व्हर नसतो. ॲक्टिव्हेटर नावाचा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकात खोटा सर्व्हर उभा करतो, आणि तो कायम चालू राहावा म्हणून आत ठाण मांडून बसतो.

तो बसवताना दुकानातलं पोरगं पहिली गोष्ट कुठली करतं, ते नीट बघा. अँटिव्हायरस बंद करतं. बंद केल्याशिवाय असला ॲक्टिव्हेटर सहसा चालत नाही. कोणी लिहिला, कुठून आला, आत आणखी काय आहे याचा पत्ता नसलेला प्रोग्रॅम, राखणदार बाजूला करून, पूर्ण अधिकार देऊन आपण आत घेतो. डिसेंबर 2021 मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेनं दाखवून दिलं होतं, की ‘केएमएसपिको’ या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावानं फिरणाऱ्या फाइलींत क्रिप्टबॉट नावाचा चोर प्रोग्रॅम भरलेला होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणं हे त्याचं काम. ज्या ब्राउझरमधून तुम्ही व्यापाऱ्याचे पैसे जमा झाले का बघता, तोच ब्राउझर.

“पण पकडायला केममध्ये कोण येतंय?” हा पुढचा मुद्दा. कायदा काय म्हणतो तेवढं आधी माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, आणि त्याच्या कलम 63-बी मध्ये संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल, तर कैद माफ करण्याची आणि दंड पन्नास हजारांच्या आत ठेवण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे घरातल्या वापराकडे कायदा थोडं मऊ बघतो, धंद्यातल्या वापराकडे बघत नाही. बिलं छापणारा संगणक धंद्यातलाच. कोणी धाड टाकेल म्हणून मी भीती घालत नाही. ज्याची बाकीची सगळी कागदपत्रं स्वच्छ आहेत त्या माणसाच्या टेबलावर बेकायदा वस्तू विनाकारण ठेवून देण्याचा अधिकार दुकानदाराला कोणी दिला, हे मी विचारतोय.

दुसरी पळवाट सांगितली जाते ती ऑनलाइन कीची. “पाचशे रुपयांत ओरिजिनल की मिळते, बिल पण येतं.” या स्वस्त की बहुतेक वेळा मोठ्या संस्थांना शेकड्यांनी दिलेल्या परवान्यांतून फोडलेल्या असतात, किंवा मोडीत गेलेल्या मशीनवरून काढलेल्या असतात. कंपनीनं विकलेल्या मशीनबरोबर येणारा परवाना त्या मशीनचाच असतो. रान विकलं की विहीर रानाबरोबर जाते, विहीर सुटी उचलून दुसऱ्याच्या रानात नेता येत नाही, तसाच. की टाकल्यावर ॲक्टिव्हेट झालं म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही. ती की कधीही बंद पडू शकते, आणि विकणारा तोवर दुसऱ्या नावानं दुकान मांडून बसलेला असतो. ॲक्टिव्हेट न करता कोपऱ्यातलं पुसट वाक्य सहन करत वापरायची तिसरी युक्तीही परवान्याच्या अटींत बसत नाही.

मग रीतसर कसं वाचवायचं? नवा लॅपटॉप घेणार असाल तर तीन-चार हजार कमी पडतात म्हणून ‘विदाउट ओएस’ किंवा ‘डॉस’वाला घेऊन त्यावर क्रॅक मारू नका. विंडोज लागणारच असेल तर ती आधीच असलेलं मशीन घ्या, कारण कारखानदाराला ती घाऊक दरानं पडते आणि सुटी घेण्यापेक्षा फरक पुष्कळ कमी राहतो. प्रो घेऊ नका, दुकानाला होम पुरते. पुण्यातून कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप आपल्याकडे भरपूर येतात. त्यांत पुष्कळदा प्रोचा मूळ परवाना मशीनमध्येच असतो, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहूनही खाली असते. बिल घ्या, मशीनवर मूळ कुठली आवृत्ती होती ते बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसलं यावर विसंबू नका.

बिलाच्या बाबतीत एक सल्ला केमला लागू पडत नाही, तो इथं खोडून काढतो. “सॉफ्टवेअरवरचा अठरा टक्के जीएसटी परत मिळतो, मग घ्या की ओरिजिनल,” असं काही हिशेबनीस सांगतात. कुंकवावर जीएसटी शून्य आहे. करमाफ मालासाठी केलेल्या खरेदीवरचा कर परत मिळत नाही. म्हणजे नुसतं कुंकू विकणाऱ्याला विंडोजची किंमत अठरा टक्क्यांसकट पूर्णच पडते. शहरातल्या व्यापाऱ्यासाठी लिहिलेला सल्ला तसाच उचलून गावाला दिला की असं होतं. कुंकूवाल्यासाठी फुकटची आणि रीतसर वाट शोधणं म्हणूनच इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे.

विंडोज 10 चं काय? 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. त्या दिवसापासून बाजारात एकच ओरड, “मशीन बदला.” ही ओरडही मला मान्य नाही. मशीन 2018 च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं असेल, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय असेल, तर रीतसर विंडोज 10 वरून विंडोज 11 वर जायला पैसे पडत नाहीत. मशीन त्याहून जुनं असेल तर घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची योजना कंपनीनंच काढली. तीस डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू करा आणि फुकट घ्या. ही दुसरी वाट आपल्या भागात किती जणांना दुकानदारानं सांगितली? मी विचारलेल्या कोणालाच ती माहीत नव्हती. जुन्या मशीनवर अटी टाळून विंडोज 11 बसवणारेही आहेत. मूळ परवाना असेल तर ती चोरी ठरत नाही, पण पुढच्या अपडेटची हमी कंपनी देत नाही, हे सांगून मगच बसवावं.

आणि ज्याच्याकडे परवानाच नाही, मशीन दहा वर्षांचं आहे, खिशात पैसे नाहीत, त्याच्यासाठी लिनक्स आहे. इथं सगळ्यात जोरात विरोध होतो. “लिनक्स इंजिनिअर लोकांचं, आपल्याला जमणार नाही.” विरोध करणाऱ्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. लिनक्स मिंट नावाची आवृत्ती दोन जीबी रॅमवर सुरू होते, चार जीबीवर आरामात चालते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज 7 वापरलेल्या माणसाला हात बसायला वेळ लागत नाही. मिंट 22 आणि उबंटू 24.04 यांना 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मुख्य गोष्ट अशी, की यांची प्रत काढून दुसऱ्याला देणं त्यांच्या परवान्यानंच मोकळं ठेवलेलं आहे. एकानं एकदा फाइल उतरवावी आणि त्याच पेनड्राइव्हनं अख्ख्या गावाच्या मशीनवर टाकावी. जे काम दुकानातलं पोरगं आज बेकायदा करतं, तेच काम तेवढ्याच मजुरीत ते कायदेशीर करू शकतं. बसवायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता.

मराठीचं अडत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो, आणि मराठी लोकांनी वर्षानुवर्षं वापरलेली ‘गमभन’ पद्धतही लिनक्ससाठी उपलब्ध आहे. पत्रं आणि तक्ते करायला लिबरऑफिस फुकट आहे. शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात करून ठेवले आहेत. हिशेबासाठी मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकारानं ‘जीएनयूखाता’ हे मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्याचं नाव आपल्याकडच्या हिशेबनिसांच्या तोंडी कधी येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

विरोधकांच्या म्हणण्यात जेवढं खरं आहे तेवढं मी मान्य करतो. हिशेबाचं टॅली विंडोजसाठी आहे. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर लेबलं करणाऱ्याची सगळी जुनी कामं विंडोजमध्ये अडकलेली आहेत. सेवा केंद्रात अंगठा घेणाऱ्या यंत्रांचा भर विंडोजवरच असतो. आपल्या दुकानांतून सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी 2900 प्रिंटर लिनक्सवर चालवायला घाम काढतो. अशा ठिकाणी विंडोजच ठेवा, पण मूळ परवान्याची ठेवा. ज्या दुकानात तीन मशीन आहेत तिथं टॅलीचं एक विंडोजवर राहू द्या, बाकी दोन मिंटवर न्या. बिल, मेल, बँक, सरकारी पोर्टल, शाळेचा अभ्यास ही कामं आज ब्राउझरमध्येच होतात, आणि ब्राउझरला खाली कुठली सिस्टिम आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं.

“मोठ्या प्रमाणावर हे चालत नाही” असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळा दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. 2019 मध्ये दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांसाठी उबंटूवर आधारलेली आवृत्ती तिथं तयार झाली. मुलं दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच देतात. खेड्यातली मुलंच आहेत ती. आपल्याकडे 2001 पासून एमएस-सीआयटीनं लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं, हे त्या अभ्यासक्रमाचं मोठं काम. पण शिकवलं ते एकाच कंपनीच्या विंडोजवर आणि ऑफिसवर. संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण तिथंच पक्कं झालं, आणि ज्या सरकारनं हा अभ्यासक्रम नोकरीसाठी लागू केला त्या सरकारनं दुसरी वाट दाखवायची जबाबदारी घेतली नाही. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण 2015 चं आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचलेलं मला दिसत नाही.

गरिबाची बाजू घेतो म्हणून क्रॅकची बाजू घेणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की गरिबाला त्याच्या हक्काचं काय काय फुकट मिळतं ते आधी सांगा. ते न सांगता चोरीची प्रत हातात ठेवणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत.

करमाळा, कुर्डुवाडी, टेंभुर्णीच्या संगणक दुरुस्तीवाल्यांना विनंती आहे. पेनड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्टची मूळ फाइल ठेवा, दुसऱ्यात मिंट ठेवा. मजुरी पाचशे घ्या, कोणी नाही म्हणणार नाही, पण मशीनमध्ये मूळ परवाना आहे का ते गिऱ्हाइकासमोर तपासा. आणि वाचकहो, संगणक दुकानात नेण्याआधी ॲक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. फॉरमॅट झाल्यावर तेच पान पुन्हा उघडायला लावा आणि आवृत्ती तीच आहे ना, बघूनच पैसे द्या.